हातच्याची वजाबाकी: काड्यांवर २५, वहीत ३५. असं का?

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ९.४०

दुसरी-तिसरीला हातच्याची वजाबाकी साहित्य घेऊन कशी शिकवायची, यावर इथे तुकड्या-तुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय. एका जागी असावं म्हणून हा धागा.

प्रश्न नेमका असा. मुलं काड्या-गठ्ठे घेऊन ५२ − २७ बरोबर करतात, उत्तर २५ सांगतात. तेच गणित वहीत उभं मांडलं की अर्ध्या वह्यांत ३५. म्हणजे काड्या हा एक विषय आणि वही हा दुसराच, असं झालंय. हे कुठे तुटतं? साहित्य किती लागतं, कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि काढून कधी घ्यायचं?

"साहित्य वापरा, मुलं हसतखेळत शिकतील" असले प्रतिसाद कृपया नकोत. ते प्रशिक्षणात ऐकून झालंय.

---

गठ्ठेवाला | सोमवार, सकाळी १०.१५

तुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधी सगळं काड्यांवर उरकायचं आणि मग "चला, आता वहीत लिहा". तोवर काड्यांचं काय काय केलं ते मूल विसरलेलं असतं. वहीत त्याला दिसतात फक्त चार अंक. काडी हलली की त्याच क्षणी अंक बदलायला हवा, पुढची काडी त्यानंतर.

जोडी करा. एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने लिहायचं, दर गणिताला अदलाबदल. दोघं शेजारी-शेजारी बसवा, समोरासमोर नको. समोरासमोर बसले की एकाचं दशकाचं घर डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे होतं, आणि लिहिणारा हमखास उलटं लिहितो. हीच गोष्ट बाईंची किंवा गुरुजींची. मुलांकडे तोंड करून टेबलावर दाखवलं तर मुलांना घरं उलटी दिसतात. दशक-एककाची घरं आखलेला तक्ता फळ्याला टाचा, नाहीतर मुलांच्या बाजूला येऊन दाखवा.

आता ५२ − २७. तक्त्यावर फक्त ५२ मांडायचे: दशकाच्या घरात ५ गठ्ठे, एककाच्या घरात २ सुट्या काड्या. २७ मांडायचे नाहीत. ते एका चिठ्ठीवर लिहून तक्त्याच्या खाली ठेवायचे. बऱ्याच वर्गांत दोन्ही संख्या मांडतात, मग समोर ७ गठ्ठे आणि ९ काड्या दिसतात आणि मूल सरळ ७९ सांगतं. त्याची चूक नाही, समोर ७९ च आहेत.

"सुट्या २ आहेत, द्यायच्या ७. देता येतील?" नाही. मग एक गठ्ठा उचलायचा, रबर काढायचं, दहाच्या दहा काड्या एककाच्या घरात ठेवायच्या. थांबा. लिहिणाऱ्याने ५ खोडून वर ४, आणि २ खोडून १२ लिहायचे.

आणि आता, काहीही वजा न करता, विचारायचं: "तक्त्यावर आत्ता एकूण किती आहेत?"

सगळी वजाबाकी या एका प्रश्नात आहे. ५२ होते, ५२ च आहेत, फक्त मांडणी बदलली. जे मूल ४२ किंवा ६२ म्हणतं, किंवा पुन्हा एकेक काडी मोजायला लागतं, त्याला पुढे नेऊ नका. गठ्ठा सोडून परत बांधणं एवढंच चार-पाच वेळा करू द्या, वजा काही करायचं नाही.

मग १२ मधल्या ७ काड्या चिठ्ठीवर, ५ उरल्या, लिहा. ४ मधले २ गठ्ठे चिठ्ठीवर, २ उरले, लिहा. पडताळ्यासाठी चिठ्ठीवरचा माल परत तक्त्यावर ढकलायचा, सुट्या दहा झाल्या की रबर लावायचं, ५२ परत आले पाहिजेत. बेरजेचा हातचा आणि वजाबाकीचा हातचा हे एकाच रबराचे दोन खेळ आहेत, हे मुलाला तिथल्या तिथे दिसतं.

---

अंकलिपी | सोमवार, सकाळी ११.०५

पद्धतीबद्दल सहमत, पण उदाहरण बदला. ५२ − २७ हे निदानासाठी निकामी आहे.

वहीतले ३५ दोन वेगळ्या चुकांमुळे येतात. एक, मूल लहान अंक मोठ्यातून वजा करतं, वर-खाली बघत नाही: ७ − २ = ५, ५ − २ = ३. दोन, मूल १२ बरोबर करतं पण ५ चे ४ करायला विसरतं: १२ − ७ = ५, ५ − २ = ३. दोन्हीकडे ३५. कोणाला काय झालंय ते वही बघून कळणारच नाही.

असं होतं कारण २ आणि ७ मधला फरक ५ आहे. एककांतला फरक ५ असला की उलटं वजा करण्याची चूक आणि विसरण्याची चूक एकाच उत्तरावर येऊन थांबतात. ५१−२६, ६३−२८, ८४−३९ सगळी तीच. म्हणून चाचणीत फरक ५ नसलेली गणितं घाला. ५३ − २७ घेतलं तर:

२६ आलं तर बरोबर.
३४ आलं तर अंक उलटे वजा केले. याला स्थानिक किमतीपासून काड्यांवर आणा.
३६ आलं तर हातचा घेतला पण दशक कमी केला नाही. याला गठ्ठा सोडणं समजलंय, लिहिण्यात गळतंय. गठ्ठेवाल्यांनी सांगितलेली "काडी हलली की अंक बदल" एवढीच दुरुस्ती पुरते.
८० आलं तर चिन्ह पाहिलंच नाही, बेरीज केली.

सोबत हातचा न लागणारं एक तरी गणित हवंच, उदा. ८६ − ४३. काही मुलं हातचा शिकली की सवयीने प्रत्येक ठिकाणी दशक खोडतात. ८ चे ७, ६ चे १६, आणि एककात १३ लिहून ३१३ असं उत्तर देतात. हातच्याची वीस गणितं ओळीने सोडवून घेतली की हे होणारच.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ११.३०

अरे बापरे, फरक ५ चं लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे वहीतले सगळे ३५ एकाच औषधाने बरे होणार नव्हते. काड्या नक्की किती लागतील? पट ३०.

---

गठ्ठेवाला | सोमवार, दुपारी १.२०

दोन अंकी वजाबाकीला जोडीमागे ९९ काड्या: ९ गठ्ठे, ९ सुट्या. त्यापेक्षा एकही जास्त लागत नाही, कारण काड्यांत गठ्ठा *सुटतो*, बाहेरून सुटे आणावे लागत नाहीत. १५ जोड्या, १४८५ काड्या. शंभर करू नका. शेवटी डबा बंद करताना "९ गठ्ठे, ९ सुट्या" अशी हजेरी घेता येते, हरवलेली काडी तिथेच सापडते.

आईसफ्रूटच्या काड्या सगळ्यांत सोप्या, पण रुंद असतात, दहाचा गठ्ठा जाड होतो, त्याला साधं रबर दोन वेढे देऊन पुरत नाही. खराट्याचे हीर फुकट मिळतात. साधारण बोटभर लांबीचे एकसारखे कापा, टोकं पॉलिश पेपरवर घासा, नाहीतर बोटात जातात. आगकाड्या घ्यायच्याच तर गुल नसलेल्या.

रबराचं दुखणं असं की महिनाभरात तुटतात किंवा चिकट होतात. सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणून अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापा. कंटाळा येईल इतकी टिकतात. सुटलेली रबरं वाटीत टाकायची, तक्त्यावर नाही. दशकाच्या घरात पडलेलं रिकामं रबर मुलं गठ्ठा म्हणून मोजतात!

आणि गठ्ठे मुलांनी बांधायचे. बांधून शेजारच्या जोडीला मोजायला द्यायचे. नऊचा किंवा अकराचा एक गठ्ठा सगळ्या तासाचं वाटोळं करतो, आणि मूल समजतं की आपलंच चुकलं.

---

चिंचोके | सोमवार, दुपारी २.०५

चिंचोके, बिल्ले, बाटल्यांची झाकणं चालतील का? ती घरात असतात.

---

गठ्ठेवाला | सोमवार, दुपारी २.१५

सुटे मोजायला उत्तम, दशकाला कुचकामी. दहा चिंचोके पुडीत बांधले की आतले दिसत नाहीत, आणि पुडी फोडली की परत बांधता येत नाही. दशक हा एकाच वेळी *एक* आणि *दहा* दिसला पाहिजे. काडीच्या गठ्ठ्यात ते दिसतं. (तुमच्या आयडीचा अपमान करण्याचा हेतू नाही.)

---

आजोळ | सोमवार, संध्याकाळी ६.३०

नातवाला शिकवताना भांडण होतं ते असं. आम्ही म्हणतो, "तीनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक, एक न् दोन तीन, पाचातून तीन गेले दोन." उत्तर २६ च येतं. पण तो म्हणतो, "आजोबा, हातचा *खाली* कसा मिळवता? बाई वरचा खोडतात." आता कोण बरोबर?

---

अंकलिपी | सोमवार, संध्याकाळी ७.१०

काका, दोघंही बरोबर. पद्धती मुळातून वेगळ्या आहेत, आणि एकाच वेळी दोन्ही घातल्या तर मूल वरचाही खोडतं आणि खालीही मिळवतं. मग ५३ − २७ = १६. वहीत १६ दिसलं की घरी आजी-आजोबा गणित घेतात, असं समजावं.

नातवाची पद्धत मोडण्याची: ५३ म्हणजे ४ दशक १३ एकक. तुमची पद्धत दोन्हीकडे दहा मिळवण्याची: वरच्या ५३ मध्ये दहा सुटे मिळवले, म्हणून एककात १३, खालच्या २७ मध्ये एक दशक मिळवला, म्हणून २ चे ३. दोन्ही संख्या दहाने वाढल्या, फरक तोच राहिला. ६३ − ३७ = २६.

यात गंमत अशी की तुमची पद्धत "काढून टाकणे" या मांडणीत काड्यांनी दाखवताच येत नाही. वर आलेल्या दहा काड्या कुठून आल्या, याचं उत्तर नाही. तिला दोन रांगा लागतात. एका रांगेत ५३, दुसरीत २७, शेजारी-शेजारी. वरची रांग खालच्यापेक्षा जेवढी पुढे जाते तेवढा फरक. आता वरच्या रांगेला दहा सुट्या जोडा, खालच्या रांगेला एक गठ्ठा जोडा. पुढे गेलेला भाग तेवढाच. नातवाला हे एकदा दाखवा, भांडण मिटेल. पण वहीसाठी तिसरी होईपर्यंत शाळेतलीच पद्धत चालू द्या. मूल एका पद्धतीत पक्कं झालं की दुसरी खुशाल शिकवा.

---

आजोळ | सोमवार, रात्री ८.००

रांगांचं पटलं. पन्नास-साठ वर्षं हातचा धरला, तो कुठून येतो हे आज कळलं म्हणायचं.

---

तिसरी_ब | मंगळवार, सकाळी ८.५०

शब्दांबद्दल. "शेजाऱ्याकडून एक उसना घेतला" हे बंद करायला हवं. उसनं घेतलं की परत करायचं असतं, आणि हुशार मूल विचारतंच, "परत कधी द्यायचा?" शिवाय "एक" उसना घेतला म्हणतो आणि येतात दहा. त्यापेक्षा आपल्या भाषेत नोट *मोडणं* आहे, *सुट्टे* करणं आहे. "एक दशक मोडला, दहा सुटे आले." किराणा दुकानात रोज चालणारं वाक्य आहे हे. "हातचा" हा शब्द घरोघरी आहे, तो राहू दे, पण बोलताना क्रिया मोडण्याची सांगावी.

तसंच "तीनातून सात जात नाहीत" हे. पुढे सहावीला हेच मूल ३ − ७ = −४ शिकणार आहे. "तीन सुटे *पुरत* नाहीत" म्हटलं तर काहीच बिघडत नाही.

---

पैलतीर | मंगळवार, सकाळी ९.२५

अमेरिकेतल्या शाळांत आता बहुतेक ठिकाणी "बॉरो" जाऊन "रीग्रुप" आलंय, कारण हेच. इथल्या मराठी घरांतली अडचण मात्र दुसरी आहे. आई-बाबा मराठीत "त्रेपन्न" म्हणतात आणि मूल तीन गठ्ठे, पाच काड्या मांडतं.

---

तिसरी_ब | मंगळवार, सकाळी ९.४५

ते इथल्या मुलांचंही होतं. त्रेपन्न ऐकताना आधी तीन येतो, मग पन्नास. आणि एकोणपन्नास तर त्याहून वाईट. ऐकू येतो पन्नास, मांडायचे असतात चार गठ्ठे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन" अशा वाचनाची सोय आली. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. तेव्हा केवढी टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलाला कानावरून ४९ मांडायला सांगून पाहावं.

काड्या मांडताना दोन्ही नावं एकामागोमाग म्हणा: "त्रेपन्न, पन्नास तीन, पाच दशक तीन." एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची वेगळी पत्ती करून त्यावर गठ्ठे काढून घ्या. वजाबाकीत चुकलेलं उत्तर प्रत्यक्षात *मांडणीतच* चुकलेलं असतं, असं बऱ्याचदा दिसतं.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी १०.१०

तीन अंकी आणि मधल्या शून्याचं काय? ४०२ − १५७ ला तर तिसरीतली चांगली मुलंही गडबडतात.

---

अंकलिपी | मंगळवार, सकाळी १०.४०

आधी पुन्हा उदाहरणच बदलू. ४०२ − १५७ मध्ये एककात २ आणि ७, फरक ५. दशकात ० आणि ५, परत ५. दोन वेगळ्या चुका परत २५५ वर एकत्र येतात. ४०३ − १३७ घ्या, उत्तर २६६. मग:

३३४ म्हणजे सगळीकडे उलटी वजाबाकी.
२३६ म्हणजे शतकातून हातचा थेट एककात नेला, शून्याला हात लावला नाही, आणि दशकात ३ − ० = ३ केलं.
२०६ म्हणजे तसंच, पण "शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य".
२७६ म्हणजे शून्याचे १० केले, पण त्यातला एक मोडल्यावर ९ करायला विसरलं. हे मूल उत्तराच्या अगदी दारात आहे.

२३६ आणि २०६ वाल्यांना साहित्याची खरी गरज असते. कागदावर "शेजारी शून्य असेल तर पलीकडच्याकडे जा, मग याचे नऊ करा" हा मंत्र होतो, आणि मंत्र दोन आठवड्यांत विसरतो.

---

गठ्ठेवाला | मंगळवार, सकाळी ११.३०

शतकाचा गठ्ठा करताना दहा गठ्ठे तसेच ठेवून वरून एक मोठं रबर लावायचं. शंभर सुट्या काड्या एकत्र बांधू नका. सगळा धडा त्यातच आहे: मोठं रबर काढलं की सुट्या काड्या *निघत नाहीत*, दहाचे गठ्ठे निघतात.

४०३: ४ मोठे गठ्ठे, दशकाचं घर रिकामं, ३ सुट्या. ७ हव्यात, पुरत नाहीत. दशकात बघा, काही नाही. एक मोठा गठ्ठा मोडा. ३ मोठे, १० गठ्ठे, सुट्या अजून ३ च. लिहा: ४ चे ३, ० चे १०. आता एक गठ्ठा मोडा. ९ गठ्ठे, १३ सुट्या. लिहा: १० चे ९, ३ चे १३. विचारा, एकूण किती? ३०० + ९० + १३, म्हणजे ४०३ च. दोन वेळा मोडलं, दोन वेळा लिहिलं. वहीत दशकाच्या अंकावर १० आणि त्यावर ९ अशा दोन मजल्यांना जागा लागते, म्हणून गणित मांडताना वर दोन ओळी मोकळ्या सोडायला लावा. जागा नसते म्हणूनही कित्येक ९ गळतात.

काही मुलं आपणहून म्हणतात, "४०३ म्हणजे ४० गठ्ठे आणि ३. एक मोडला, ३९ गठ्ठे." ४० खोडून एकदम ३९. चालू द्या. शिकवायला मात्र सुरुवातीला नको.

४०० काड्या जोडीमागे देणं शक्य नाही. एक वर्गसंच पुरे: ५ मोठे गठ्ठे, म्हणजे ५०० काड्या, फळ्यापाशी. दोन-तीन मुलं समोर येऊन हलवतील, बाकीचे जागेवर लिहितील. जोड्यांना त्यानंतर ठोकळे किंवा नोटा.

---

मणीमाळ | मंगळवार, दुपारी १२.५०

ठोकळे आधी का नाहीत? शाळेच्या गणित पेटीत दशमान ठोकळे असतातच, एक सेंटिमीटरचा एकक, दहाची दांडी, शंभराची पाटी. नेटके, मोजून केलेले. काड्या कापत कशाला बसायचं?

---

गठ्ठेवाला | मंगळवार, दुपारी १.३०

कारण दांडी मोडत नाही. दांडी गल्ल्यात द्यायची आणि दहा एकक घ्यायचे, ही *अदलाबदल* झाली. काडीत दशक तिथल्या तिथे सुटतो. ज्याने ते पाहिलेलं नाही, त्याला दांडी देऊन दहा घेणं हा बाईंचा नियम वाटतो. अदलाबदल करताना दहाऐवजी नऊ किंवा अकरा घेतले जातात ते वेगळंच, म्हणून एकक दांडीशेजारी लावून लांबी जुळवूनच घ्यायला लावा.

ठोकळे हे डिनीश नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जातात. माँटेसरीबाईंचे सोनेरी मणी त्याच जातीचे: सुटा मणी, दहाची तार, शंभराचा चौरस, हजाराचा घन. तिथेही अदलाबदलीला गल्ला असतोच.

क्रम असा ठेवा: काड्या, मग ठोकळे, मग नोटा. काड्यांत दशक सुटतो. ठोकळ्यांत बदलून मिळतो, पण आकार दहापट दिसतो. नोटेत आकारही सारखाच, दहाची नोट एकच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते. तिथे किंमत डोक्यातच धरावी लागते. वहीतला अंक नोटेसारखाच आहे, म्हणून नोटा वहीच्या सगळ्यांत जवळ. आबॅकसचे मणीही त्याच पायरीवरचे.

गल्ला धरून जोडीमागे तीन अंकीला ९ शतक, १८ दशक, १८ एकक पुरतात. अठराच का? एककात ९ असतील तर मोडायची वेळच येत नाही. जास्तीत जास्त ८ असतात, मोडल्यावर १८. दशकाचंही तेच.

---

चिंचोके | मंगळवार, दुपारी २.१०

नोटांबद्दल भर. खेळण्यातल्या पाकिटात ५, २०, ५०, ५०० च्या नोटा असतात, त्या आधी बाजूला काढा. १, १०, १०० एवढ्याच ठेवा. पन्नासची नोट हातात असली की मूल दुकानदाराच्या अकलेने उत्तर काढतं, फार छान काढतं, पण दशक मोडणं शिकायचं राहून जातं. खऱ्या नोटांच्या झेरॉक्स काढू नका. रंगीत कार्डशीटचे तुकडे आणि वर आकडा, बस्स.

---

मणीमाळ | मंगळवार, दुपारी ४.००

क्रम पटला, पण शंभर मण्यांच्या माळेला विसरू नका. दहा लाल, दहा पांढरे असे आलटून-पालटून. ५३ वर चिमटा लावा, २० मागे, ३३. मग ७ मागे: ३ ने ३० वर, अजून ४, २६. इथे हातचा लागतच नाही. ज्यांना उभी मांडणी करूनही उत्तराचा अंदाज येत नाही, त्यांना माळ जास्त उपयोगी. ५३ मधून २७ काढून ३४ येणं शक्य आहे का, हे माळेवर बघितलं की दिसतं: ५३ मधून २० गेले तरी ३३, मग ३४ कसे उरतील?

---

तिसरी_ब | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

काड्यांवरही मुलं आपणहून हेच करतात. "आधी एकक" असं कोणी सांगितलं नसेल तर मोठा माल आधी उचलतात. ५३ − २७: दोन गठ्ठे दिले, ३ गठ्ठे ३ काड्या उरल्या. सात हव्यात, एक गठ्ठा मोडला, २ गठ्ठे १३, सात दिल्या, २६. अगदी बरोबर. काड्यांवर ते अडवू नये. वहीत मात्र डावीकडून केलं की आधी लिहिलेला ३ खोडून २ करावा लागतो. तेवढंच कारण आहे उजवीकडून सुरू करण्याचं. मुलांना तसंच सांगावं, नाहीतर त्यांना वाटतं तो गणिताचा कायदा आहे.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

शेवटचा प्रश्न, काढून कधी घ्यायचं? निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित कार्यक्रमाच्या लक्ष्यांत दुसरीअखेर ९९ पर्यंतची वजाबाकी आहे. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतली वजाबाकीही दोन अंकी, हातच्याचीच. तिथे समोर काड्या नसतात.

---

अंकलिपी | मंगळवार, रात्री ८.२०

तारीख धरून काढू नका, एक चाचणी करून काढा. बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक वजाबाकी, सहा मोडायच्या, सहा न मोडायच्या, मिसळलेल्या. मुलाने एकही सोडवायची नाही, फक्त दोन ढीग करायचे: "मोडावं लागेल", "नाही लागणार". बारापैकी अकरा बरोबर लागले की काड्यांची गरज संपत आली. जे मूल ढीग लावायलाही काडीला हात घालतं, त्याची काढून घेऊ नका, मग पाचवी असली तरी.

मधली पायरी चित्राची. दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका, शतकाला चौकोन. मोडायचं तर एक रेघ खोडायची आणि दहा ठिपके काढायचे, ते *पाच-पाचच्या दोन ओळींत*. कुठेही विखरून काढले की नऊ-अकराची भानगड परत सुरू. चित्राच्या शेजारीच उभी मांडणी, आणि तीच शिस्त: एक खूण चित्रात, एक अंकात. आठ-दहा गणितांनंतर बरीच मुलं स्वतःच चित्र काढायचा कंटाळा करतात. तो कंटाळा चांगला.

चौथीत ३००२ − १४५८ सारख्याला हजारापर्यंतचं साहित्य मांडत बसू नका. एक गणित नोटांनी फळ्यापाशी: हजार मोडून दहा शंभराच्या, त्यातली एक मोडून दहा दहाच्या, त्यातली एक मोडून दहा एकच्या. २ हजार, ९ शतक, ९ दशक, १२. उत्तर १५४४. नऊ-नऊ का येतात ते एकदा दिसलं की पुरे. (हजाराची नोट २०१६ मध्ये बंद झाली, मुलांनी ती पाहिलेलीच नाही. कार्डावर सरळ १००० लिहा.)

आणि ५०० − २६३ सारखं आलं तर दोन रांगांची आठवण ठेवून दोन्हीकडून एकेक काढा: ४९९ − २६२ = २३७. काहीच मोडावं लागत नाही. हे तिसरीच्या शेवटी, दोन रांगा पाहिलेल्या मुलांनाच.

---

आजोळ | मंगळवार, रात्री ९.०५

हे ४९९ चं बरं आहे. सुटे मागायलाच नको.

---

पैलतीर | बुधवार, सकाळी ७.३०

एक राहिलं. शाब्दिक उदाहरणांत "मीनाकडे ५३ मणी, राजूकडे २७, मीनाकडे किती जास्त?" इथे मूल "जास्त" ऐकून बेरीज करतं. आणि काड्या देऊनही अडतं, कारण राजूचे २७ मीनाच्या ढिगातून उचलायचे हे त्याला पटत नाही. बरोबरच आहे, ते राजूचे आहेत.

---

गठ्ठेवाला | बुधवार, सकाळी ८.१०

म्हणून तिथे "फक्त वरची संख्या मांडा" हा नियम लावायचा नाही. तुलनेच्या गणिताला दोन्ही संख्या मांडायच्या, दोन रांगांत, गठ्ठ्यासमोर गठ्ठा, काडीसमोर काडी. २ गठ्ठ्यांसमोर २ गठ्ठे लागतात. राजूच्या ७ काड्यांसमोर मीनाच्या ३ च आहेत, म्हणून मीनाचा एक गठ्ठा मोडायचा, आता ७ समोर ७. जोडी न लागलेले: २ गठ्ठे, ६ काड्या. मोडावं इथेही लागलंच, पण उचलून कोणाचंच काही नेलं नाही. अशा गणितांना जोडीमागे ९९ नेहमी पुरणार नाहीत, दोन जोड्यांचे डबे एकत्र करा.